कापसाचे स्वयंचलित सौदे : भावमाहिती किती विश्वासार्ह?

यवतमाळ जिल्ह्यातील कापसाचा भाव एकेकाळी सरकारी पातळीवर ठरत असे. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाल्यानंतर भाव शोधण्याचा प्रश्न उरला नव्हता. तो जाहीर होत असे. या शतकाच्या आरंभी खासगी खरेदी खुली झाली. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत मल्टी कमोडिटी एक्स्चेंज, म्हणजेच एमसीएक्स सुरू झाले आणि २०११ मध्ये तेथे रुईचे वायदे आले. या वायद्याच्या करारात राजकोटच्या जोडीला यवतमाळ व जालना यांचीही नोंद डिलिव्हरी केंद्र म्हणून आहे. त्यामुळे वणी किंवा पांढरकवड्यातील जिनिंग चालकाला हाती असलेल्या रुईचा धोका वायदे बाजारात उतरविता येतो, आणि हे काम संगणकावरील सॉफ्टवेअरकडेही सोपविता येते. मात्र सॉफ्टवेअरला बाजार दिसत नाही. त्याला पुरविला जाणारा आकडाच ते खरा मानते. म्हणून सौद्याच्या सूत्राइतकेच महत्त्व भावमाहिती पुरविणाऱ्या सेवेला आहे.

माहितीचे चार मार्ग

पहिला मार्ग एक्स्चेंजच्या अधिकृत माहिती-विक्रेत्यांचा. ते शुल्क घेऊन चालू भाव व जुन्या नोंदी देतात. दुसरा मार्ग दलाल पेढीच्या एपीआयचा. यात भाव आणि सौद्याची ऑर्डर एकाच जोडणीतून जातात. सोय मोठी, पण जोडणी तुटली तर दोन्ही एकदम थांबतात. तिसरा मार्ग मोफत संकेतस्थळांचा. तेथील भाव बहुधा काही मिनिटे उशिराचे असतात. अभ्यासाला ते पुरतात, सौद्याला नाही. चौथा मार्ग हजर बाजाराच्या माहितीचा. २००० साली सुरू झालेले केंद्र सरकारचे अ‍ॅगमार्कनेट, राज्य कृषी पणन मंडळाचे संकेतस्थळ आणि कॉटन असोसिएशन ऑफ इंडियाचे रुईचे दैनिक भाव यांचा त्यात समावेश होतो.

या मार्गांची तुलना केवळ वेगावर करणे योग्य नव्हे. काही सेवा प्रत्येक बदल पाठवितात, तर काही ठरावीक अंतराने बाजाराचे एक चित्र पाठवितात. दुसऱ्या प्रकारात मधले सौदे गळतात आणि मिनिटाचा उच्चांक वा नीचांक दोन सेवांत वेगळा दिसतो. हा दोष नसून पद्धतीतील फरक आहे. पण एका सेवेच्या नोंदींवर तपासलेले सूत्र दुसरीच्या भावांवर चालविल्यास निकाल बदलू शकतो.

बाजार समितीच्या आकड्यांची मर्यादा निराळी आहे. तेथे दिवसाचा किमान, कमाल व सर्वसाधारण दर मिळतो. नोंद समितीकडून भरली जाते; ती उशिरा येऊ शकते किंवा एखाद्या दिवशी राहून जाऊ शकते. आवक नसलेला दिवस आणि नोंद न झालेला दिवस यादीत सारखाच रिकामा दिसतो. सॉफ्टवेअरने ती जागा आदल्या दिवसाच्या दराने भरली, तर भाव स्थिर असल्याचा खोटा निष्कर्ष निघतो. सोयाबीनबाबत हे विशेष लक्षात घ्यावे लागते. सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये त्याचे वायदे स्थगित केले व पुढे स्थगितीला मुदतवाढ मिळत गेली. वायद्याचा भाव नसेल तेथे हजर भावाच्या नोंदींवरच भिस्त राहते.

एककांचा घोळ

कापसाच्या माहितीत सर्वांत महाग पडणारी चूक एककाची असते. शेतकऱ्याच्या कापसाचा दर क्विंटलमागे, रुईचा दर ३५६ किलोच्या खंडीमागे, तर न्यूयॉर्कच्या वायद्याचा भाव पौंडामागे सेंटमध्ये सांगितला जातो. शंभर किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते असे धरले, तर एका खंडीसाठी सुमारे साडेदहा क्विंटल कापूस लागतो. शिवाय सरकीची किंमत वेगळी धरावी लागते.

एमसीएक्सवरील रुईचा भाव पूर्वी १७० किलोच्या गाठीमागे असे. २०२२ मध्ये नवे करार थांबविण्यात आले आणि २०२३ मध्ये ते सुधारित स्वरूपात परतले, तेव्हा भाव खंडीमागे दिला जाऊ लागला. जुन्या नोंदींना सुमारे २.०९ ने गुणल्याशिवाय त्या नव्यांशी जोडता येत नाहीत. हा बदल न सांभाळणारी सेवा भाव एका रात्रीत दुपटीहून अधिक झाल्याचे दाखविते, आणि त्यावर आधारलेली सर्व चाचणी व्यर्थ ठरते.

बाजारच थांबतो तेव्हा

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी दूरसंचार जोडण्यांतील बिघाडानंतर राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सुमारे चार तास बंद होते. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी एमसीएक्सचे व्यवहार सकाळी सुरूच होऊ शकले नाहीत. ते दुपारी पर्यायी केंद्रातून सुरू झाले. अशा वेळी एकाच एक्स्चेंजची माहिती देणाऱ्या दोन सेवा घेऊन उपयोग नसतो, कारण मूळ झराच आटलेला असतो. दुसरी सेवा पहिलीच्या बिघाडावर उपाय आहे, एक्स्चेंजच्या बिघाडावर नव्हे.

याहून फसवी स्थिती विरळ उलाढालीची. रुईच्या वायद्यात दूरच्या महिन्यांचे सौदे थोडे होतात. पडद्यावरचा 'शेवटचा भाव' तासाभरापूर्वीचा असू शकतो; सेवा चोख असूनही आकडा शिळा असतो.

निवड कशी करावी?

सेवा घेण्यापूर्वी निदान महिनाभर तिच्या नोंदी साठवाव्यात. एक्स्चेंज रोज प्रसिद्ध करीत असलेल्या भावकॉपीशी दिवसाचा उच्चांक, नीचांक, बंद भाव व उलाढाल ताडून पाहावी. जोडणी किती वेळा तुटली, तुटलेला काळ नंतर भरून मिळाला का आणि प्रत्येक भावासोबत एक्स्चेंजची वेळ येते का, हे लिहून ठेवावे. वेळ ठरावीक मर्यादेहून जुनी असल्यास नवी ऑर्डर न देण्याची आज्ञा सॉफ्टवेअरमध्ये असावी. तोटा रोखणारी ऑर्डर केवळ घरच्या संगणकात न ठेवता शक्य तेथे एक्स्चेंजकडे नोंदवावी. वीज किंवा इंटरनेट गेले तरी ती टिकते. लहान गुंतवणूकदारांच्या स्वयंचलित सौद्यांसाठी सेबीने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वतंत्र परिपत्रक काढले आहे; सेवा व दलाल त्या चौकटीत बसतात की नाही, हेही पाहणे आवश्यक आहे.

वायद्यातील नुकसान जिनिंग चालकाच्या खात्यापुरते राहत नाही. चुकीच्या आकड्यावर घेतलेला निर्णय दुसऱ्या दिवशीच्या खरेदीत उतरतो आणि त्याची झळ बाजार समितीत गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्यालाही लागते. स्वस्त सेवा निवडताना वाचलेले शुल्क या नुकसानीच्या तुलनेत किरकोळ ठरते.