मॉरिसने वाचवलेले बाक

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात, थेम्स नदी जिथे जेमतेम बाळसे धरू लागते, तिथे इंगलशम आहे. गाव म्हणायचे एवढेच. मध्ययुगातली वस्ती कधीच उठून गेली. उरली थोडी घरे आणि सेंट जॉन द बॅप्टिस्टचे चर्च. बांधकाम बहुतेक तेराव्या शतकातले. मनोरा नाही. पश्चिमेच्या भिंतीच्या माथ्यावर दोन घंटा मावतील एवढी दगडी चौकट, की झाले.

आत मात्र शतकांची दाटीवाटी आहे. डोळ्यांत भरतात ते बाक: उंच फळ्यांनी चहूबाजूंनी बंदिस्त केलेले, प्रत्येकाला स्वतःचे दार असलेले, सतराव्या-अठराव्या शतकांतले. मध्ययुगात बराच काळ भाविक उभ्यानेच प्रार्थना करीत. बाक आले ते त्या युगाच्या अखेरीस, आणि सोळाव्या शतकातल्या रिफॉर्मेशन या धर्मसुधारणेनंतर प्रवचने लांबत गेली तशी बसण्याची सोय अपरिहार्य झाली. मग बसायच्या जागेला मानपान चिकटला. बड्या घराण्याची जागा ऐसपैस, कुळांची मागे. कित्येक चर्चमध्ये जागेचे भाडे घेत. हॅम्पशरमधल्या मिन्स्टेडला तर एका खाजगी बाकात चक्क फायरप्लेस आहे. प्रवचन रंगले नाही तरी ऊब नक्की मिळत असणार!

इंगलशमच्या भिंतीही अशाच एकावर एक चढत गेल्या. मध्ययुगात त्यांच्यावर चित्रे होती. रिफॉर्मेशनच्या काळात देशभर अशा चित्रांवर चुना फिरवण्यात आला आणि त्यावर बायबलमधली वचने लिहिली गेली. पुढे पुन्हा चुना, पुन्हा वचने. इथे काही ठिकाणी सात-सात थर आहेत. एकाची अक्षरे वाचावीत तर त्यांच्या फटींतून आधीच्या नक्षीचा रंग डोकावतो. याहून जुने आहे ते मेरी आणि बाळ येशूचे सॅक्सन काळातले शिल्प. वरून देवाचा हात आशीर्वाद देतो आहे. हा दगड एके काळी बाहेरच्या भिंतीत होता आणि लोकांनी त्यावर रेघा कोरून त्याचे चक्क सूर्यघड्याळ केले होते.

एकोणिसाव्या शतकात हा सगळा पसारा निकालात निघायचा. १८३९ साली स्थापन झालेल्या केंब्रिज कॅमडेन सोसायटीच्या मते खरे चर्च म्हणजे मध्ययुगीन गॉथिक चर्च. दारवाले बाक तिच्या डोळ्यांत विशेष सलत. गावोगावी ते उखडले गेले आणि त्यांच्या जागी एकसारखे, उघडे, वेदीकडे तोंड केलेले बाक आले. ही लाट मुंबईपर्यंत पोचली. १८५८ मध्ये उपासनेसाठी खुले झालेले कुलाब्याचे अफगाण चर्च याच विचारांच्या प्रभावाखाली घडले.

या उत्साहाविरुद्ध उभा राहिला तो कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस. १८७१ पासून त्याचे बिऱ्हाड इंगलशमजवळच्या केल्मस्कॉटला होते. बर्फर्डच्या चर्चचे नूतनीकरण पाहून तो कळवळला, तेव्हा तिथल्या धर्मगुरूने ‘चर्च माझे आहे, मनात आले तर आत शीर्षासन करीन’ अशा अर्थाचे सुनावल्याचे सांगतात. १८७७ मध्ये आर्किटेक्ट जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट ट्यूक्सबरी ॲबी ‘सुधारणार’ असे कळताच मॉरिसने साप्ताहिकातून तोफ डागली आणि जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्थाच काढली. जुन्या भिंती खरवडायला विरोध म्हणून तिचे टोपणनाव पडले ‘अँटी-स्क्रेप’.

इंगलशमची दुरुस्ती १८८८-८९ मध्ये आर्किटेक्ट जे. टी. मिकलथ्वेटच्या देखरेखीखाली झाली. मॉरिसने पदरचे पैसे घातले आणि पुनर्बांधणी नको, डागडुजीच हवी, हा आग्रह सोडला नाही. बाक जागीच राहिले, भिंती खरवडल्या गेल्या नाहीत.

आज हे चर्च ‘चर्चेस कन्झर्व्हेशन ट्रस्ट’कडे आहे. इतरत्र बाकांचे भांडण चालूच आहे, फक्त बाजू फिरल्या आहेत. आता पाळी व्हिक्टोरियन बाकांची. समारंभांना मोकळी जागा हवी म्हणून ते काढायला निघतात आणि १९५८ साली स्थापन झालेली व्हिक्टोरियन सोसायटी आडवी येते. बाथ ॲबीतले बाक वाचवण्यासाठी ती चर्चच्या न्यायासनापुढे झगडली आणि हरली. ते बाक होते स्कॉटचे, ज्याच्यावर मॉरिसने तोफ डागली होती त्याच स्कॉटचे.