ध्येयनिश्चिती व दृश्य प्रगती (प्राथमिक शिक्षण)

ठरावीक मुदतीत काय साधायचे हे विद्यार्थ्याने शिक्षकासोबत नेमके ठरवणे आणि त्या दिशेने झालेली वाटचाल विद्यार्थ्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल अशी नोंदवणे, ही अध्ययनाची प्रेरणा जागवण्याची एक पद्धत. ‘नीट अभ्यास कर’ ही सूचना झाली. ‘शनिवारपर्यंत हा उतारा न अडखळता वाचायचा’ हे ध्येय झाले. प्रगतीची नोंद भिंतीवरचा तक्ता, वहीतली रेघ, वाचलेल्या गोष्टींची यादी अशी कोणत्याही रूपातली चालते; मात्र ती मुलाला समजली पाहिजे आणि कालच्या नोंदीशी ताडून पाहता आली पाहिजे. प्रस्तुत नोंदीत या पद्धतीचे तत्त्व, तिची महाराष्ट्रातील वाटचाल आणि अमरावती जिल्ह्यातील धारणी तालुक्यात तिला येणारे विशेष रूप यांचा विचार केला आहे.

सैद्धांतिक आधार : ध्येयनिश्चितीचा आधुनिक सिद्धांत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८मध्ये मांडला. पुढे गॅरी लॅथम यांच्यासह त्यांनी तो विस्ताराने सिद्ध केला. नेमके आणि थोडे अवघड ध्येय हे मोघम ध्येयापेक्षा अधिक काम करवून घेते, मात्र ते करणाऱ्याने मनापासून स्वीकारलेले असावे आणि आपण कुठवर आलो हे त्याला वेळोवेळी कळत राहावे, असे त्याचे सार आहे. हा सिद्धांत मुख्यतः प्रौढांच्या कामावर उभा होता. लहान मुलांबाबतचा महत्त्वाचा पुरावा अल्बर्ट बंडुरा आणि डेल शंक यांच्या १९८१च्या प्रयोगातून मिळाला. गणितात फार मागे पडलेल्या ४० मुलांपैकी बहुतेकांना त्यांनी वजाबाकीचा ४२ पानांचा स्वाध्याय सात बैठकांसाठी दिला. एका गटाला दर बैठकीत सहा पाने पूर्ण करण्याचे जवळचे ध्येय सुचवले, दुसऱ्याला सातव्या बैठकीअखेर सगळी पाने संपवण्याचे दूरचे. काम तेवढेच, पुस्तिका तीच. तरीही जवळचे ध्येय मिळालेली मुले वजाबाकीत आणि ‘मला हे जमते’ या विश्वासात बरीच पुढे गेली, शिवाय त्यांची विषयातली गोडीही वाढली. दूरचे ध्येय मिळालेली मुले ध्येयच न दिलेल्या मुलांपेक्षा फारशी सरस ठरली नाहीत.

बक्षिसांविषयीचे निष्कर्ष अधिक सावध आहेत. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांच्या १९७३च्या अभ्यासात, चित्र काढण्याची मुळात आवड असलेल्या बालवाडीतील मुलांना बक्षिसाचे आमिष आधी दाखवल्यावर त्यांची चित्रे काढण्याची ओढ पुढे कमी झाली. अमेरिकेतील काही शहरांत रोलंड फ्रायर यांनी विद्यार्थ्यांना रोख रक्कम देऊन पाहिली (अहवाल २०११). परीक्षेतील गुणांसाठी दिलेल्या पैशाचा उपयोग दिसला नाही. डॅलसमध्ये वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे दिलेल्या दोन डॉलरांचा थोडाफार दिसला. गुण कसे वाढवायचे हे मुलाला ठाऊक नसते, पुस्तक उघडून वाचायचे कसे हे ठाऊक असते. म्हणून ध्येय मुलाच्या हातात असलेल्या कृतीचे असावे, असे यातून निघते.

महाराष्ट्रातील वाटचाल : मुलाची इयत्ता आणि त्याचा प्रत्यक्ष अध्ययनस्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे १९९०च्या दशकात मुंबईत स्थापन झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने ठळकपणे पुढे आणले. संस्थेने मुंबई आणि बडोद्यात चालवलेल्या ‘बालसखी’ उपक्रमात मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच तरुणी वेगळे बसवून शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तळाच्या मुलांना त्याचा सर्वाधिक लाभ झाल्याचे आढळले. २००५पासून निघणाऱ्या ‘असर’ या शिक्षणस्थितीच्या अहवालातील प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट हे वाचनाचे पाच स्तर आज शिक्षकांच्या रोजच्या बोलण्यात आहेत. ‘तुझी पोरं कितवीत?’ याच्या जोडीला ‘किती पोरं गोष्टीवर?’ असा प्रश्न केंद्रप्रमुख विचारू लागले, हा त्याचाच परिणाम.

शासकीय पातळीवर शिक्षण हक्क कायद्यानंतर राज्याने ऑगस्ट २०१०मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू केले. वर्षअखेरच्या एका परीक्षेऐवजी वर्षभराच्या आकारिक व संकलित नोंदी आणि गुणांऐवजी श्रेणी आली. २२ जून २०१५च्या निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. याच काळात सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तेथील शिक्षकांनी मुलाच्या उंचीवर लावलेले फळे आणि जमिनीवर आखलेली अध्ययनसाधने यांच्या आधारे घडवलेले वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. २०२१च्या ‘निपुण भारत’ अभियानाने पायाभूत साक्षरतेची देशव्यापी ध्येये आखली. तिसरीअखेर मुलाने अपरिचित मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द या गतीने, समजून वाचावा आणि ९९९९पर्यंतच्या संख्या वाचाव्यात-लिहाव्यात, हे त्यांपैकी एक. गाठण्याची मुदत २०२६-२७. राज्याने मार्च २०२५मध्ये हाती घेतलेल्या ‘निपुण महाराष्ट्र’ कृती कार्यक्रमात चावडी वाचनाचा समावेश होता. त्यात मुले गावकऱ्यांसमोर वाचून आणि गणिते करून दाखवतात.

धारणीची परिस्थिती : धारणी हे मेळघाटातील तालुक्याचे ठिकाण. अमरावतीहून परतवाडा, सेमाडोह, हरिसाल असा घाटाचा आणि व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलाचा रस्ता ओलांडून तेथे जावे लागते. उत्तरेला तापीपलीकडे मध्य प्रदेश लागतो. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय धारणीत असून तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांबरोबर आश्रमशाळा आहेत. लोकवस्तीत कोरकू बहुसंख्य, सोबत गोंड, निहाल, गवळी आदी समाज. कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळाच्या मुंडा शाखेतील भाषा. मराठी आणि हिंदी या दोन्हींशी तिचे नाते नाही. २०११च्या जनगणनेत देशभरात तिचे सुमारे ७.२७ लाख भाषक नोंदले गेले. पहिलीत येणाऱ्या कोरकू मुलाला म्हणून दोन कामे एकाच वेळी करावी लागतात : नवी भाषा शिकणे आणि त्या भाषेत वाचायला शिकणे.

दुसरी अडचण दिनदर्शिकेची आहे. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीकडे उघडतात. पावसात नाले भरले की पाड्यांचा संपर्क तुटतो. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे सोंगणी-मळणी, वीटभट्ट्या, बांधकाम अशा कामांवर खाली सपाटीच्या वऱ्हाडात किंवा त्याहून दूर जातात आणि कोरकूंचा सर्वांत मोठा सण असलेल्या होळीला परततात. हंगामी वसतिगृहात न राहता आईबापांसोबत गेलेल्या मुलाच्या वाट्याला गावच्या शाळेचे सलग दिवस दिवाळीपर्यंतचेच येतात. राज्याच्या इतर भागांत जे ध्येय ‘वर्षअखेर’ म्हणून मांडता येते, ते या मुलापुरते अस्तित्वातच नसते.

उपयोजन : या परिस्थितीत ध्येयाचा पल्ला सणांच्या मापाने आखणे सोयीचे ठरते. शाळा उघडल्यापासून पोळ्यापर्यंत एक टप्पा, पोळ्यापासून दिवाळीपर्यंत दुसरा, होळीनंतर उन्हाळी सुटीपर्यंत तिसरा. मुलाला आणि त्याच्या आईला या खुणा कॅलेंडराशिवाय कळतात. टप्प्याच्या आत ध्येय आठवड्याचे किंवा त्याहून लहान असावे.

प्रारंभी प्रत्येक मुलाची तोंडी, एकट्याने, दोन-तीन मिनिटांची चाचणी घेतात. सूचना कोरकूत दिल्या नाहीत तर चाचणी वाचनाची न राहता मराठी समजण्याची होते, आणि गोष्ट सांगणारे हुशार मूलही ‘प्रारंभिक’ ठरते. त्यानंतर इयत्ता बाजूला ठेवून स्तरानुसार गट करतात. धारणीतील अनेक लहान शाळा द्विशिक्षकी असल्याने एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. तेथे ही गटवाटणी अडचण न ठरता सोय ठरते. पुढचे काम कोणते हे मुलाला आपल्या नोंदीवरून कळत असेल, तर शिक्षक दुसऱ्या गटाजवळ असतानाही त्याचे काम थांबत नाही. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांत विकसित झालेली ‘शिडी’ याच तत्त्वावर चालते. मूल क्रमांकित कार्डांच्या पायऱ्या स्वतःच्या गतीने चढते आणि गैरहजर राहिले तर परतल्यावर सोडलेल्या पायरीपासूनच सुरू करते. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी हा गुण मोलाचा आहे, कारण वर्ग पुढे निघून गेला म्हणून ते मागे पडलेले ठरत नाही.

ध्येयाची वाक्ये मुलाच्या तोंडी बसतील अशी असावी लागतात. उदाहरणार्थ, ‘ओळखीचे दहा शब्द’, ‘हातच्याची पाच गणिते’, ‘एक गोष्ट कोरकूत सांगून तिची तीन वाक्ये मराठीत लिहिणे’. मुलाने सांगितलेली कोरकू गोष्ट शिक्षकाने देवनागरीत फळ्यावर उतरवली की वाचनाचा पहिला मजकूर त्याच्या माहितीतला होतो. नोंद मूल स्वतः करते : तारखेपुढे खूण, वाचलेल्या गोष्टीचे नाव, महिन्यापूर्वीच्या आणि आजच्या हस्ताक्षराची पाने एकत्र बांधलेली वही. हरिसाल हे याच तालुक्यातील गाव २०१६च्या सुमारास ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजले. तरीही वीज आणि नेटवर्क यांवर अवलंबून नसलेली कागदी नोंद येथे अधिक टिकाऊ ठरते आणि घरी नेऊन दाखवताही येते.

पालक आणि गाव : निरक्षर आईवडिलांना श्रेणीपत्रकातील ‘ब-१’ काही सांगत नाही. मुलाने समोर बसून वाचलेले पान मात्र सांगते. चावडी वाचनाची ताकद त्यात आहे. गृहभेटीत मूल जुने आणि नवे पान दाखवते, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत एखादी गोष्ट वाचते, तेव्हा प्रगतीची साक्ष शिक्षकाच्या शब्दांवर अवलंबून राहत नाही. अट एकच : मुलाला जे जमू लागले आहे तेच सर्वांसमोर वाचायला द्यावे. अडखळणाऱ्या मुलाला चावडीवर उभे केले तर तोच प्रसंग त्याला शाळेपासून तोडायला पुरेसा होतो.

स्थलांतरित मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. मूल कोणत्या स्तरावर आहे याची नोंद घेऊन ते दुसऱ्या गावच्या शाळेत बसू शकावे, हा तिचा हेतू. कार्डावर केवळ इयत्ता आणि हजेरी न राहता ‘शब्द वाचतो, परिच्छेदाला सुरुवात’ इतका मजकूर असेल, तरच नव्या शिक्षकाला पहिल्या दिवशी काम कोठून धरायचे ते कळते.

प्रोत्साहन भत्ता आणि ध्येय : आदिवासी, अनुसूचित जाती आणि भटक्या-विमुक्त समाजांतील पहिली ते चौथीच्या मुलींसाठी राज्याने १९९२मध्ये दैनिक एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. शालेय पोषण आहार, गणवेश, पुस्तके हेही उपस्थितीचेच आधार. त्यांची गरज वेगळी आणि खरी आहे : ते मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणतात. आत आल्यावर शिकण्याची ओढ लावण्याचे काम त्यांच्याकडून होत नाही. हजेरीलाच ध्येय मानणाऱ्या शाळेत मूल वर्षभर येते आणि अक्षर-स्तरावरच राहते.

मर्यादा आणि आक्षेप : या पद्धतीवरील सर्वांत गंभीर आक्षेप तुलनेचा आहे. वर्गाच्या भिंतीवर नावानिशी लावलेला स्तरांचा तक्ता पुढच्या मुलांना हुरूप देतो आणि मागच्यांना रोज कमीपणा दाखवतो. प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राच्या काळात ‘अप्रगत’ हे विशेषण मुलांनाच चिकटले, तेव्हा हा धोका दिसला. त्यावर उपाय म्हणून नावांचा तक्ता वहीत नेतात आणि भिंतीवर सगळ्या वर्गाची मिळून एकच नोंद ठेवतात, जसे ‘आपण सर्वांनी मिळून वाचलेल्या गोष्टी’.

दुसरा आक्षेप आकडेवारीचा. सामाजिक निर्णयांसाठी एखादा आकडा जितका वापरला जाईल तितका तो बिघडण्याचा संभव वाढतो, हे डॉनल्ड कॅम्पबेल यांनी १९७०च्या दशकात मांडले. मुलाने स्वतःसाठी ठेवलेली खूण आणि शाळेने वरच्या कार्यालयाला पाठवायची टक्केवारी एकाच तक्त्यातून निघू लागली की, शिक्षक नकळत टक्केवारीसाठी खुणा करू लागतो. मग काठावरच्या मुलांकडे लक्ष जाते आणि तळाची मुले सुटतात. गतीचे निकषही तपासून वापरावे लागतात. मिनिटाला ६० शब्द हे माप मराठी घरभाषा असलेल्या आणि कोरकू घरभाषा असलेल्या मुलाला सारखे लावले, तर दुसऱ्याने दोन भाषांत केलेली मजल त्यात मोजलीच जात नाही.

तिसरी मर्यादा पद्धतीच्या आवाक्याची. लहान ध्येये भुकेल्या, आजारी किंवा कामावर नेलेल्या मुलाची अडचण सोडवू शकत नाहीत; मेळघाटातील कुपोषणाचा आणि रोजगाराचा प्रश्न शाळेच्या तक्त्याबाहेरचा आहे. शिक्षकांच्या वारंवार होणाऱ्या बदल्यांनी स्तरांची साखळी तुटते, म्हणून नोंद शिक्षकाच्या नव्हे तर मुलाच्या ताब्यात असणे अधिक सुरक्षित मानले जाते. या मर्यादा धरूनही, जेथे शाळेचे दिवस मोजके आणि वाचायची भाषा परकी आहे, तेथे या पद्धतीचे मोल अधिक ठरते. दिवाळीला गाव सोडणाऱ्या मुलाने आपण पोळ्यापासून किती पुढे आलो हे पाहिलेले असेल, तर होळीनंतर पुन्हा वर्गात येण्याचे एक कारण त्याच्यापाशी स्वतःचे असते.