पांजरपोळ : जीवदयेची पाठशाळा

जीवदया ही केवळ अंतःकरणात बाळगावयाची भावना नसून ती हाताने शिकावयाची विद्या आहे, अशी साक्ष आपल्या पांजरपोळींचा इतिहास देतो.

इ. स. १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी खंभातला आला. तेथील पक्ष्यांच्या रुग्णालयाचे वर्णन त्याने आपल्या पत्रांत केले आहे. बरे झालेले रानपक्षी तेथे मुक्त सोडले जात; माणसाळलेले पक्षी एखाद्या धर्मशील गृहस्थाच्या स्वाधीन होत. शुभ्र दाढीचा एक वृद्ध, डोळ्यांवर चष्मा लावून, कापसात ठेवलेल्या उंदरांच्या पोरक्या पिल्लांना पिसाने दूध पाजीत होता. मोठी झाल्यावर त्यांना सोडून द्यावयाचे, हाच त्याचा संकल्प होता.

मुंबईत जून १८३२ मध्ये कंपनी सरकारच्या भटकी कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध पारशी समाज प्रक्षुब्ध झाला. इतर समाजही त्यात सामील झाले, व्यवहार ठप्प झाले. दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई, शेठ मोतीचंद अमीचंद आदी दानशूरांच्या पुढाकाराने मुंबई पांजरपोळ स्थापन झाली. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वेच्छेने धर्मादाय आकारून तिला आधार दिला. धर्म भिन्न होते, करुणा एक होती.

आश्रयाला उपचारांची जोड मात्र पुढे मिळाली. परळ येथे सर दिनशा पेटिट यांच्या दानातून बाई साकरबाई प्राणी रुग्णालय उभे राहिले व त्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आधी रुग्णालय, मागाहून विद्यालय, हा क्रम अर्थपूर्ण आहे. मुक्या रुग्णांनीच विद्यार्थ्यांना विद्या दिली.

आज सेवेसाठी पांजरपोळीत येणाऱ्या विद्यार्थ्यालाही तेच गुरू लाभतात. प्रथम हाती झाडू येतो व अहंकार गळतो. गाय दुखणे बोलून दाखवीत नाही. तिने रवंथ थांबविली, कान पाडले, हे पाहणाऱ्यालाच कळते. उठू न शकणाऱ्या जनावराची कूस वेळोवेळी बदलावी लागते. जखमेतील अळ्या किळस न करता काढाव्या लागतात.

याहून कठीण धडा आणखी एक आहे. सणावाराला भाविक श्रद्धेने गाईंपुढे धान्य, पोळ्या, लापशी यांचे ढीग ठेवतात. असे अन्न एकाएकी अतिरिक्त पोटात गेल्यास आम्लता वाढून जनावर प्राणासही मुकते. ज्ञानावाचून केलेली दया हिंसेचे कारण ठरते! त्या वेळी वडीलधाऱ्यांना नम्रपणे थांबवून “हिरवा चारा द्यावा” असे सांगण्याचे धैर्य सेवेतूनच येते.

परीक्षेतील गुण विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खाती जमा होतात. या पाठशाळेतील जमा मात्र दुसऱ्या जीवाच्या खाती होते. ज्याला वाचविले तो आभार मानणार नाही, बरा होताच निघूनही जाईल. तरीही दुसऱ्या दिवशी पहाटे चारा घेऊन जो हजर राहतो, त्याचे शिक्षण सार्थकी लागले असे समजावे. समाजातील प्रत्येक पालकाने आपल्या पाल्यास वर्षातून काही दिवस तरी या पाठशाळेत अवश्य धाडावे.