अटारी २६०० : खेळयंत्र, आज्ञावली आणि कर्तृत्वाचा प्रश्न (१९७७-१९९२)

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दूरचित्रवाणी संच अमेरिकन मध्यमवर्गीय घराचा अविभाज्य भाग झाला होता. परंतु त्याच्यासमोर बसणारा माणूस केवळ प्रेक्षक होता. पडद्यावरील चित्र हलविण्याची सोय प्रेक्षकाच्या हाती देणारे पहिले घरगुती उपकरण १९७२ मध्ये बाजारात आले. राल्फ बेअर या अभियंत्याच्या कल्पनेतून साकारलेल्या या उपकरणाचे नाव मॅग्नाव्हॉक्स ओडिसी असे होते. मात्र व्हिडिओ गेम हा स्वतंत्र उद्योग म्हणून ज्या यंत्रामुळे उभा राहिला, ते यंत्र म्हणजे अटारी कंपनीने १९७७ मध्ये आणलेले 'व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम' होय. १९८२ पासून ते 'अटारी २६००' या नावाने ओळखले जाऊ लागले.

या यंत्राविषयीचे बरेचसे लेखन गतकाळाच्या आठवणींत रमणारे आहे. निक मॉन्टफोर्ट आणि इयान बोगोस्ट यांनी २००९ मध्ये प्रकाशित केलेल्या ग्रंथामुळे या यंत्राची रचना आणि त्यावरील खेळांचे स्वरूप यांच्यातील संबंधांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. प्रस्तुत लेखात याच संबंधाचा विचार श्रम, श्रेय आणि मालकी या अंगांनी करण्यात आला आहे. यंत्र आणि खेळ यांची फारकत झाल्यानंतर खेळ कोणाचा, हा प्रश्न अटारी २६०० च्या निमित्ताने प्रथमच तीव्रतेने उपस्थित झाला आणि तोच या यंत्राचा सर्वांत टिकाऊ वारसा ठरला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) अटारी २६०० च्या निर्मितीची पार्श्वभूमी व तांत्रिक रचना समजून घेणे.
२) या रचनेमुळे खेळ घडविणाऱ्या प्रोग्रॅमरच्या श्रमाला प्राप्त झालेले महत्त्व स्पष्ट करणे.
३) श्रेय व मालकी यांवरून उद्भवलेल्या संघर्षाचे परिणाम तपासणे.

यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचनाची कालमर्यादा यंत्राच्या आगमनापासून त्याचे उत्पादन थांबेपर्यंत, म्हणजे १९७७ ते १९९२ अशी प्रामुख्याने ठेवली आहे.

यंत्र आणि खेळ यांची फारकत

नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात अटारी कंपनीची स्थापना केली. ॲलन अल्कॉर्न यांनी तयार केलेला 'पाँग' हा नाणे टाकून खेळावयाचा खेळ त्याच वर्षी लोकप्रिय झाला. १९७५ मध्ये त्याची घरगुती आवृत्ती सीअर्स या विक्रीसंस्थेमार्फत ग्राहकांपर्यंत पोहोचली. परंतु या प्रकारच्या संचांत खेळ विद्युतमंडलातच कायमचा बसविलेला असे. त्या खेळाचा कंटाळा आला की संपूर्ण संचच निरुपयोगी ठरे आणि कंपनीलाही त्या ग्राहकाकडून पुढे काही मिळत नसे.

या अडचणीवरील उपाय म्हणजे खेळाची आज्ञावली यंत्रापासून वेगळी करून ती बदलता येणाऱ्या कार्ट्रिजमध्ये साठविणे. मायक्रोप्रोसेसरवर चालणारे असे पहिले घरगुती यंत्र नोव्हेंबर १९७६ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीने 'चॅनल एफ' या नावाने आणले. त्यामागील अभियंत्यांच्या गटाचे नेतृत्व जेरी लॉसन या आफ्रिकी-अमेरिकन अभियंत्याकडे होते. अटारीचे अभियंतेही याच दिशेने काम करीत होते. परंतु यंत्र बाजारात आणण्यासाठी लागणारे भांडवल कंपनीकडे नव्हते. १९७६ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्सने सुमारे २.८ कोटी डॉलरना अटारी विकत घेतली आणि सप्टेंबर १९७७ मध्ये नऊ कार्ट्रिजसह हे यंत्र दाखल झाले. त्याची किंमत सुमारे २०० डॉलर होती.

यंत्र एकदाच विकले जाते, कार्ट्रिज मात्र पुनःपुन्हा विकता येते. साहजिकच उद्योगाच्या नफ्याचे केंद्र यंत्राकडून आज्ञावलीकडे सरकले. १९८० मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' या जपानी खेळाची परवानाप्राप्त आवृत्ती निघाली, तेव्हा केवळ तो एक खेळ घरी खेळता यावा म्हणून असंख्य ग्राहकांनी यंत्र विकत घेतले. यंत्रासाठी खेळ घेतला जात होता, तेथे खेळासाठी यंत्र घेतले जाऊ लागले.

तांत्रिक मर्यादा आणि प्रोग्रॅमरचे कौशल्य

अटारी २६०० मध्ये ६५०७ हा मायक्रोप्रोसेसर वापरला होता. त्याचा वेग सुमारे १.१९ मेगाहर्ट्झ होता आणि यंत्राची कार्यकारी मेमरी अवघी १२८ बाइट होती. १२८ बाइट म्हणजे साध्या इंग्रजी मजकुराची जेमतेम १२८ अक्षरे. कार्ट्रिजमधील आज्ञावलीसाठी मूळ रचनेत ४ किलोबाइट एवढीच जागा होती.

त्या काळी मेमरी महाग असल्याने संपूर्ण पडद्याचे चित्र साठवून ठेवण्याची सोयच या यंत्रात ठेवलेली नव्हती. जो डेक्युअर, जे मायनर आदी अभियंत्यांनी घडविलेली 'टिया' ही चिप एका वेळी पडद्यावरील केवळ एका आडव्या रेषेचा विचार करू शके. दोन खेळाडू, दोन क्षेपणास्त्रे, एक चेंडू आणि मागील मैदान एवढीच तिची सामग्री होती. दूरचित्रवाणीच्या नळीतील इलेक्ट्रॉन शलाका डावीकडून उजवीकडे सरकत असतानाच पुढे काय रेखाटायचे, हे आज्ञावलीने चिपला सांगावे लागे. अमेरिकन पद्धतीत सेकंदाला सुमारे ६० चित्रे आणि प्रत्येक चित्रात २६२ रेषा असत. प्रत्येक रेषेसाठी प्रोसेसरची फक्त ७६ आवर्तने प्रोग्रॅमरच्या वाट्याला येत. गुण मोजणे, टक्कर तपासणे, आवाज काढणे ही कामे या धावपळीतून उरलेल्या क्षणांत उरकावी लागत.

या रचनेचा ऐतिहासिक अर्थ लक्षात घेणे आवश्यक आहे. दोन खेळाडूंनी रणगाडे किंवा चेंडू खेळविणे एवढ्याच अपेक्षेने आखलेल्या या यंत्राकडून पुढे जंगले, नद्या, राजवाडे आणि चक्रव्यूह रेखाटून घेण्यात आले. हे सामर्थ्य प्रोग्रॅमरने वेळेचा एकेक अंश वाचवून यंत्राकडून काढून घेतलेले होते. शिवाय संपूर्ण खेळाची कल्पना, चित्रे, ध्वनी आणि आज्ञावली हे सर्व काम त्या काळात बहुधा एकच व्यक्ती अनेक महिने खपून करीत असे. लेखकाचे पुस्तकाशी जे नाते असते, त्याच्या जवळ जाणारे हे नाते होते. तरीही कार्ट्रिजच्या वेष्टनावर नाव असे ते फक्त कंपनीचे.

श्रेयासाठीचा संघर्ष

१९७८ च्या अखेरीस बुशनेल यांच्या जागी रे कॅसार यांच्याकडे अटारीची सूत्रे आली. कॅसार हे बर्लिंग्टन या वस्त्रोद्योगातील कंपनीतून आलेले अनुभवी व्यवस्थापक होते. त्यांच्या काळात विक्री प्रचंड वाढली. परंतु प्रोग्रॅमरचे नाव जाहीर न करण्याचे धोरण कायम राहिले. नावे कळल्यास प्रतिस्पर्धी कंपन्या आपली माणसे फोडतील, अशी भीती त्यामागे होती.

वॉरन रॉबिनेट यांनी या धोरणाला दिलेले उत्तर विशेष उल्लेखनीय आहे. 'ॲडव्हेंचर' या खेळात त्यांनी कोणालाही न सांगता एक गुप्त दालन ठेवले. पार्श्वभूमीच्या रंगात मिसळून गेलेला एक सूक्ष्म ठिपका शोधून तो ठरावीक ठिकाणी नेला, तर त्या दालनात प्रवेश मिळे आणि तेथे हा खेळ वॉरन रॉबिनेट यांनी निर्माण केल्याची अक्षरे झळकत. खेळ १९८० मध्ये बाजारात आला, तेव्हा रॉबिनेट कंपनी सोडून गेले होते. एका किशोरवयीन खेळाडूच्या पत्रामुळे ही बाब कंपनीला समजली. तोवर कार्ट्रिज देशभर पोहोचले होते आणि ते नाव तसेच राहिले. पाषाणात आपली खूण कोरून ठेवणाऱ्या मध्ययुगीन गवंड्याची आठवण व्हावी, अशी ही कृती आहे. खेळांत अशी गुपिते ठेवण्याची प्रथा पुढे 'ईस्टर एग' या नावाने रूढ झाली. तिच्या या प्रसिद्ध उदाहरणामागे श्रेय नाकारल्याची वेदना होती, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

दुसरे उत्तर उघड बंडाचे होते. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांच्या खेळांतून कंपनीला मोठे उत्पन्न मिळत होते. त्यांनी श्रेय आणि स्वामित्वधन यांची मागणी केली. क्रेन यांनी पुढे मुलाखतींतून सांगितल्यानुसार, कार्ट्रिजची जुळणी करणाऱ्या कामगाराइतकेच तुमचे महत्त्व आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. १९७९ मध्ये हे चौघे बाहेर पडले आणि जिम लेव्ही यांच्यासह त्यांनी ॲक्टिव्हिजन ही कंपनी स्थापन केली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी केवळ खेळ तयार करणारी ही पहिली स्वतंत्र कंपनी होय. अटारीने १९८० मध्ये तिच्याविरुद्ध दावा दाखल केला. १९८२ मध्ये तो तडजोडीने मिटला. त्यामुळे यंत्र एकाचे आणि खेळ दुसऱ्याचा, या व्यवस्थेला व्यवहारात मान्यता मिळाली.

ॲक्टिव्हिजनने आपल्या माहितीपुस्तिकांत खेळाच्या निर्मात्याचे नाव दिले. क्रेन यांचा 'पिटफॉल' (१९८२) आणि कॅरोल शॉ यांचा 'रिव्हर रेड' (१९८२) हे खेळ त्यांच्या नावानिशी ओळखले जातात. या क्षेत्रातील आरंभीच्या स्त्री प्रोग्रॅमरांत शॉ यांची गणना होते आणि त्यांचेही आधीचे काम अटारीमध्येच झाले होते. म्हणजे निनावीपणा संपल्यावर इतिहासाला या स्त्रीचे कर्तृत्वही स्पष्ट दिसू लागले.

मुक्त बाजार आणि कोसळलेला उद्योग

ॲक्टिव्हिजनच्या यशानंतर अटारीसाठी कार्ट्रिज काढणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले. ओटचे पदार्थ विकणाऱ्या क्वेकर ओट्ससारख्या कंपनीनेही या धंद्यात उडी घेतली. यंत्रात अनधिकृत कार्ट्रिज रोखण्याची कोणतीही सोय नव्हती आणि ग्राहकाला चांगला खेळ ओळखण्याचे साधनही नव्हते. खुद्द अटारीचा 'पॅक-मॅन' (१९८२) प्रचंड खपला, पण मूळ खेळाच्या तुलनेत त्याने अपेक्षाभंग केला. त्याच वर्षीच्या नाताळसाठी हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना 'ई. टी.' हा चित्रपटावर आधारित खेळ सुमारे पाच आठवड्यांत पूर्ण करावा लागला.

७ डिसेंबर १९८२ रोजी वॉर्नरने नफावाढीचा अंदाज एकदम खाली आणला आणि तिच्या समभागांची किंमत कोसळली. लहान कंपन्या बुडाल्यामुळे दुकानदारांना न खपलेला माल परत करता येईना. तो त्यांनी अत्यल्प किमतीत विकायला काढला. परिणामी चांगले खेळही पूर्ण किमतीला खपेनात. १९८३ मध्ये अटारीचा तोटा ५० कोटी डॉलरच्या वर गेला. त्याच वर्षी न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथील कचराभूमीत कंपनीने आपला माल पुरला. एप्रिल २०१४ मध्ये तेथे उत्खनन होऊन कार्ट्रिज बाहेर काढण्यात आले आणि त्यांपैकी एक स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात गेले. एकट्या 'ई. टी.'मुळे उद्योग बुडाला, ही लोकप्रिय समजूत मात्र अपुरी आहे. मागणीचा विचार न करता वाढविलेले उत्पादन आणि गुणवत्तेवरील नियंत्रणाचा अभाव ही मूळ कारणे होती.

नियंत्रणाचे नवे युग

या पडझडीचा धडा जपानच्या निन्टेन्डो कंपनीने घेतला. १९८५ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या तिच्या यंत्रात परवाना नसलेले कार्ट्रिज रोखणारी कुलूप-चिप होती. बाहेरच्या निर्मात्याने वर्षाला किती खेळ काढावेत, हेही निन्टेन्डोच ठरवी. ग्राहकाला गुणवत्तेची हमी मिळाली. निर्मात्याचे स्वातंत्र्य मात्र यंत्राच्या मालकाकडे गहाण पडले.

जपानमधील मूळ 'फॅमिकॉम' (१९८३) यंत्रात अशी चिप नव्हती. त्याच्या अनधिकृत प्रतिकृती १९९० च्या दशकात भारतातील शहरांत विकल्या गेल्या. महाराष्ट्रातील मुलांनी ज्याला 'कॅसेट' म्हटले, ते याच परंपरेतील कार्ट्रिज होय. एका कॅसेटमध्ये अनेक खेळ असत आणि निर्मात्यांची नावे त्यांवरून पुसली गेलेली असत. ज्या निनावीपणाविरुद्ध कॅलिफोर्नियात बंड झाले, तो येथे वेगळ्या वाटेने परतला.

१ जानेवारी १९९२ रोजी अटारी २६०० चे उत्पादन थांबले. तोपर्यंत सुमारे ३ कोटी यंत्रे विकली गेली होती. याच वर्षी अमेरिकन न्यायालयांनी दोन महत्त्वाचे निवाडे दिले. निन्टेन्डोच्या कुलूप-चिपची संहिता स्वामित्वहक्क कार्यालयातून चुकीची माहिती देऊन मिळविल्याबद्दल 'अटारी गेम्स' या स्वतंत्र झालेल्या शाखेविरुद्ध निर्णय गेला. उलट, सेगाच्या यंत्रासाठी खेळ बनविता यावेत म्हणून त्याच्या आज्ञावलीची उकल करणाऱ्या ॲकोलेड कंपनीची कृती न्याय्य वापरात मोडते, असा निर्वाळा मिळाला. ॲकोलेडची स्थापना मिलर आणि व्हाइटहेड यांनी १९८४ मध्ये केली होती. अटारी सोडताना त्यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नाच्या एका अंगाला तेरा वर्षांनी न्यायालयात उत्तर मिळाले.

निष्कर्ष

१) अटारी २६०० च्या तांत्रिक मर्यादांमुळेच प्रोग्रॅमरचे कौशल्य निर्णायक ठरले, श्रेयाची मागणी ही त्या वस्तुस्थितीची स्वाभाविक परिणती होती.

२) श्रेय नाकारल्यामुळे स्वतंत्र खेळनिर्मितीचा उद्योग जन्मास आला. चार असमाधानी प्रोग्रॅमरांनी सुरू केलेली ॲक्टिव्हिजन ज्या समूहाचा भाग झाली, तो समूह ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुमारे ६९ अब्ज डॉलरना विकत घेतला.

३) अटारीच्या बाजारात मुक्तता होती, पण विश्वास नव्हता, निन्टेन्डोच्या व्यवस्थेत विश्वास आला, पण मुक्तता गेली. भ्रमणध्वनीवरील ॲप-विक्रीच्या व्यवस्थेतही हाच पेच कायम आहे.

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा यंत्रांचा आणि कंपन्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. ४ किलोबाइटच्या जागेतही आपल्या नावासाठी एक दालन राखून ठेवणाऱ्या माणसांची दखल घेतल्याशिवाय तो पूर्ण होत नाही.