सराव पाठाचे गुण

देवपूर, धुळे, जळगावच्या बी.एड.वाल्यांचं विद्यापीठ 1990पर्यंत पुण्यात होतं. त्या वर्षी ते जळगावला आलं. 2015पासून अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, शाळेतली उमेदवारीही लांबली. सराव पाठ तपासण्याची रीत मात्र फारशी हलली नाही: टाचणवही, रंगीत तक्ता, मागच्या बाकावर निरीक्षक आणि बहुधा आधीच पढवलेली मुलं. घरी अहिराणी बोलणारं पोर कुठे अडलं, हे शिकाऊ शिक्षकाला उमगलं का, ते एका तासिकेत कसं दिसणार? 2013पासूनची शिक्षक पात्रता परीक्षा, टीईटीही लेखीच. शिकाऊ शिक्षकाला रोज पाहतो तो शाळेतला शिक्षक. त्याच्या हाती गुण दिले तर ओळखीपाळखी चालेल, हा आक्षेप खोटा नाही. पण ठरवून घेतलेल्या पाठाला तरी ती कुठे चुकते? निम्मे गुण शाळेनं द्यावेत, उरलेले न सांगता आलेल्या परीक्षकानं.