ढवळल्याशिवाय

1903 साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात, वॉनामेकर नावाच्या प्रचंड मोठ्या दुकानात, एका आचाऱ्याने बायकांच्या गर्दीसमोर ॲपल बटर करून दाखवलं. नावात बटर असलं तरी त्यात लोणी नसतं. सफरचंदाचा गर मंद आचेवर आटवत नेला की जो दाट, तपकिरी ऐवज उरतो, तो म्हणजे ॲपल बटर. आमरस आटवून साठवणाऱ्या घरात वाढलेल्यांना यातली मेख सांगायला नको. हात थांबला की रस तळाला लागतो. त्या दिवशी मात्र आचाऱ्याने ढवळलंच नाही. मग बायकांना पुढे बोलावून पातेल्याचा तळ बघू दिला. काही चिकटलं नव्हतं, काही करपलं नव्हतं. ऑर्डरी धडाधड आल्या.

पातेलं ॲल्युमिनियमचं होतं, 'वेअर-एव्हर' या नव्या ब्रँडचं. 1886 साली विजेच्या मदतीने ॲल्युमिनियम स्वस्तात वेगळं करायची रीत सापडली होती. धातू मुबलक झाला, पण त्याचं करायचं काय, हे ठरायचं होतं. लोखंडाची कढई वापरणाऱ्या बाईला हे हलकं, चकचकीत भांडं खेळण्यासारखं वाटायचं. ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं असतं आणि बिडाच्या सुमारे चौपट वेगाने उष्णता वाहून नेतं. आच तळाच्या एकाच ठिकाणी साचत नाही, सगळीकडे पसरते. पण हे आकडे ऐकून कोणी पातेलं विकत घेत नाही. म्हणून त्यांनी असा पदार्थ शोधला, ज्यात हा आकडा डोळ्यांना दिसेल.

घरी आपण आधी काय करायचं ते ठरवतो आणि मग भांडं काढतो. विकायला निघालेला माणूस उलटा प्रवास करतो. भांडं ठरलेलं असतं, पदार्थ त्याला शोभेल असा निवडला जातो. पुढची शंभर वर्षं घराघरांत ज्या पाककृती 'करून दाखवल्या' गेल्या, त्यांचं मूळ या उलट्या प्रवासात आहे.

वेअर-एव्हरची भांडी सुट्टीत कमाई करणारी कॉलेजची मुलं दारोदार विकायची. दारावरच्या विक्रीत अडचण अशी की दार बंद करता येतं. 1920च्या दशकात यातल्या काही विक्रेत्यांनी वेगळी वाट धरली. एका बाईला गाठायचं, तिने आपल्या मैत्रिणी, शेजारणी बोलवायच्या, आणि विक्रेत्याने तिच्याच स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी रांधायचं. एका दारामागे एकच गिऱ्हाईक असायचं, ते आता खोलीभर झालं.

दुकानातल्या प्रयोगापेक्षा हा प्रयोग अवघड होता. शेगडी परकी, वेळ मोजका, आणि पाहुणे भुकेले. पदार्थ गप्पा संपायच्या आत तयार व्हायला हवा. सामान कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारं हवं. इतका सोपा नको की भांड्याचं कौतुकच वाटू नये, आणि इतका नाजूक नको की आच थोडी चढली तर फजिती व्हावी. जड बुडाच्या, घट्ट झाकणाच्या भांड्यांना 'बिनपाण्याचा स्वयंपाक' यासाठीच लाभला. भाजी तिच्याच अंगच्या पाण्यात, मंद आचेवर शिजवायची. झाकणीत पाणी ठेवून भाजी वाफवणाऱ्या आपल्या आज्यांना यात काही नवल वाटलं नसतं. पण भाज्या भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देणाऱ्यांना गाजराची चव प्रथमच कळल्यासारखं वाटे, आणि श्रेय पातेल्याला मिळे.

त्याच सुमारास अमेरिकेत दुसरी एक परंपरा उभी राहत होती. तिला काही विकायचं नव्हतं. 1914च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने कृषी विद्यापीठांचं ज्ञान गावोगाव नेणारी विस्तार सेवा देशभर सुरू झाली. तिच्यात शेतकऱ्यांना पिकांचं शिकवणारे होते, तसंच घरोघरच्या बायकांना स्वयंपाक आणि साठवण शिकवणाऱ्या प्रात्यक्षिक शिक्षिकाही होत्या. त्यांच्या प्रयोगातला पदार्थ मळ्यातून यायचा. शेंगा निघाल्या की शेंगा, टोमॅटो निघाले की टोमॅटो. 1917 साली अमेरिकेच्या कृषी खात्याने सांगितलं की शेंगा, मका, मांस असे आंबट नसलेले पदार्थ बरणीत टिकवायचे तर दाबाखालची वाफच हवी. नुसत्या उकळत्या पाण्यात बॉट्युलिझमचे बीजाणू मरत नाहीत. इथे प्रयोग चुकला तर कोणाचा तरी जीव जाणार होता. म्हणून शिक्षिकेचं यश प्रयोगाच्या दिवशी ठरत नसे. ती निघून गेल्यावर त्या बाईने एकटीने भरलेली बरणी हिवाळ्यात उघडली जाई, तेव्हा ते ठरे.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात डेमो आणि टेस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेमोत आपण प्रोग्रॅम जिथे चालतो तिथे नेतो, टेस्टमध्ये जिथे मोडेल असं वाटतं तिथे. विक्रेत्याचं ॲपल बटर डेमो होतं आणि शिक्षिकेची शेंगांची बरणी टेस्ट.

मग पार्ट्यांतून रांधणंच गेलं. 1931 साली सुरू झालेल्या स्टॅनले होम प्रॉडक्ट्सने घरगुती बैठकीत ब्रश आणि साफसफाईच्या वस्तू विकल्या. तिथेच तयार झालेल्या ब्राउनी वाइज या एकट्याने मुलगा वाढवणाऱ्या बाईने अर्ल टपरचे प्लॅस्टिकचे डबे विकायला घेतले. 1946पासून दुकानात असलेले हे डबे फारसे खपत नव्हते, कारण झाकण दाबून आतली हवा कशी काढायची हे कोणी दाखवत नव्हतं. वाइज द्रवाने भरलेला बंद डबा खोलीत भिरकावून द्यायची आणि एक थेंब सांडायचा नाही. 1951 साली टपरने डबे दुकानांतून काढून घेतले आणि विक्रीची धुरा तिच्याकडे दिली. 1954 साली 'बिझनेस वीक'च्या मुखपृष्ठावर झळकणारी ती पहिली स्त्री ठरली. 1958 साली टपरने तिला काढून टाकलं. तिच्याकडे कंपनीचा एकही शेअर नव्हता. साधारण वर्षभराच्या पगाराइतकी रक्कम तिच्या हाती पडली. त्याच वर्षी टपरने कंपनी 1 कोटी 60 लाख डॉलरला विकली.

या प्रयोगात पाककृती उरली नाही, पण पार्टी टिकली. कारण आता पुरावा भांड्याचा नव्हता, मैत्रिणीचा होता. जिच्या घरी बसून चहा घेतला तिला 'नको' म्हणणं कठीण. 1996 साली टपरवेअर भारतात आलं तेव्हा इथे भिशी आणि किटी पार्टी आधीच होत्या. बैठक जमलेलीच होती, त्यात फक्त डबे आले. अनेक बायकांनी यातून पहिल्यांदा स्वतःची कमाई पाहिली, हे खरंच. पण प्रत्येक ऑर्डर ओळखीच्या खात्यातून वजा होत होती, हेही तितकंच खरं. 2024 साली मूळ अमेरिकन कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

स्वयंपाक पार्टीत परत आणण्यात डोरिस क्रिस्टोफर या बाईंचा मोठा हात होता. त्या गृहशास्त्र शिकलेल्या आणि त्याच विस्तार सेवेत शिकवलेल्या. 1980 साली त्यांनी विमा पॉलिसीवर 3,000 डॉलरचं कर्ज काढून शिकागोजवळच्या आपल्या घरातून 'पॅम्पर्ड शेफ' सुरू केली. त्यांच्या बैठकीत एक पदार्थ सगळ्यांसमोर व्हायचा आणि त्यातली एकेक पायरी एकेका अवजाराची असायची. चिरायचं एकाने, सोलायचं दुसऱ्याने, भाजायचं मातीच्या तबकावर. तयार पिठाच्या तुकड्यांचं कडं करून आत सारण भरलेली 'टाको रिंग' ही त्यांची गाजलेली पाककृती. दिसायला पाहुण्यांची, करायला रोजची. हेतू विक्रीचाच होता. पण आवाक्यातला पदार्थ निवडायचा, पाहणारीला उद्या तो एकटीने जमला पाहिजे, हा शिक्षिकेचा नेम त्यात शिरला होता. 2002 साली वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने ही कंपनी विकत घेतली.

याच परंपरेला एक कुरूप फांदीही फुटली. महागडी स्टीलची भांडी विकणारे काही जण तुमच्याच ॲल्युमिनियमच्या पातेल्यात खायच्या सोड्याचं पाणी उकळतात आणि चाखायला देतात. ते कडवट लागतं. म्हणजे तुम्ही रोज विष खाता, असं सुचवायचं. सोडा मुळातच कडवट असतो, उकळल्यावर तो आणखी तीव्र अल्कली बनतो, आणि अल्कलीत ॲल्युमिनियम विरघळतं. रसायनशास्त्र खरं आहे, पण सोड्याच्या पाण्यात रोजची भाजी कोण करतं? इथेही पदार्थ उलटाच निवडलेला आहे. फरक इतकाच की तो शेजारच्या भांड्याला हरवण्यासाठी निवडलाय.

1903च्या प्रयोगातही न दाखवलेली बाजू होतीच. आंबट पदार्थाशीही ॲल्युमिनियमची प्रक्रिया होते, आणि सफरचंद आंबटच. एका दुपारच्या रटरटीत ते कळलं नसतं. आमसुलाचं सार रात्रभर ठेवलं असतं तर कळायची शक्यता होती. पितळेच्या भांड्याला कल्हई लावून मगच त्यात आंबट करणाऱ्या आपल्या घरांना ही शंका चटकन आली असती.

आता ही बैठक फोनच्या पडद्यावर भरते. ऑम्लेट तव्यावरून आपोआप घसरतं, गाजर एका दाबात चिरलं जातं. ऑम्लेटच का, गाजरच का, हे विचारायची सवय लावून घ्यायला हरकत नाही. त्या तव्यावर सहा महिन्यांनी घावन निघतील का? त्या यंत्रात सुरण चिरेल का? वॉनामेकरमधल्या बायकांना निदान पुढे येऊन पातेल्याचा तळ बघता आला होता. पडद्यावर आपल्याला नेमका तेवढाच बघता येत नाही.