आगीच्या आधीची कात्री

रे ब्रॅडबरी यांची ‘फॅरनहाइट ४५१’ ही कादंबरी ज्यांनी वाचली आहे त्यांना, आणि ज्यांनी नुसतं तिचं नाव ऐकलं आहे त्यांनाही, एक गोष्ट हमखास आठवते: आग. कादंबरीचा नायक गाय माँटॅग बंबवाला आहे. त्याच्या काळातली घरं पेटत नाहीत, त्यामुळे बंबवाल्यांना आग विझवण्याचं काम उरलेलं नाही. ते पुस्तकं जाळतात. त्यांच्या नळीतून पाण्याऐवजी रॉकेल येतं. हे चित्र मनावर इतकं ठसतं की कादंबरीत सांगितलेली दुसरी, अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट बहुतेक वाचक विसरून जातात. ती म्हणजे, आग सर्वांत शेवटी आली.

कादंबरी ऑक्टोबर १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. ब्रॅडबरी कॉलेजात गेले नव्हते. त्यांचं शिक्षण झालं ते सार्वजनिक वाचनालयांत. कादंबरीचं पहिलं रूप असलेली दीर्घकथाही त्यांनी लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तळघरातल्या भाड्याच्या टाइपरायटरवर लिहिली. भाडं होतं अर्ध्या तासाला १० सेंट. ती ‘गॅलक्सी’ मासिकाच्या फेब्रुवारी १९५१ च्या अंकात छापली गेली. १० मे १९३३ रोजी बर्लिनमध्ये झालेली पुस्तकांची होळी तेव्हा लोकांच्या स्मरणात होती. आणि खुद्द अमेरिकेत मॅकार्थींचा काळ चालू होता. १९५३ मध्ये परदेशांतल्या अमेरिकन सरकारी वाचनालयांतून संशयित लेखकांची पुस्तकं काढून टाकली जात होती, काही जाळलीही गेली. त्याच वर्षी १४ जूनला डार्टमथ कॉलेजातल्या भाषणात अध्यक्ष आयझेनहॉवर यांना विद्यार्थ्यांना सांगावं लागलं की पुस्तकं जाळणाऱ्यांत सामील होऊ नका.

अशा वातावरणात लिहिलेल्या कादंबरीत सगळा दोष सरकारवर टाकणं सोपं होतं. ब्रॅडबरींनी ते केलं नाही. माँटॅगचा वरिष्ठ, कॅप्टन बीटी, त्याला या खात्याचा इतिहास ऐकवतो. तो म्हणतो की सुरुवात सरकारी हुकमाने झालीच नाही. आधी पुस्तकं आखूड झाली. अभिजात ग्रंथ पंधरा मिनिटांच्या रेडिओ कार्यक्रमात बसवले गेले, मग दोन मिनिटांच्या सदरात, मग शब्दकोशातल्या दहाबारा ओळींत. कोणाला एक पान खटकलं, कोणाला दुसरं. ज्याला जे खटकलं ते काढलं गेलं. शेवटी जे उरलं त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं आणि वाचणारेही उरले नव्हते. मग आग लावणं फारच सोपं झालं. बीटी हा खलनायक आहे, म्हणून त्याचं सगळं खरं मानायचं कारण नाही. पण त्याने सांगितलेला क्रम किती खरा होता याचा पुरावा पुढे त्याच पुस्तकाने दिला.

१९६७ मध्ये प्रकाशकांनी शाळकरी विद्यार्थ्यांसाठी या कादंबरीची वेगळी आवृत्ती काढली. तिच्यात सुमारे ७५ ठिकाणी मजकूर बदलला होता. शिव्या गेल्या, गर्भपाताचा उल्लेख गेला. एका प्रसंगातला दारू प्यायलेला माणूस आजारी झाला. दुसऱ्या एका ठिकाणी बेंबीतला मळ काढण्याचा उल्लेख होता, तिथे कान साफ करणं आलं. मजकूर बदलला आहे अशी सूचना पुस्तकावर नव्हती. लेखकालाही कोणी विचारलं नव्हतं. काही वर्षं दोन्ही आवृत्त्या बरोबरीने विकल्या गेल्या. पुढे १९७३ पासून मूळ आवृत्ती छापणं थांबलं आणि सर्वांच्या हाती कातरलेलं पुस्तकच पडू लागलं. पुस्तकं जाळण्याविरुद्धची कादंबरी सहा वर्षं कापलेल्या रूपात विकली जात होती आणि लेखकाला त्याचा पत्ता नव्हता. त्यांनीच लिहून ठेवलं आहे की ही विसंगती त्यांना विद्यार्थ्यांनी पत्रं पाठवून कळवली. १९७९ मध्ये ब्रॅडबरींनी मूळ मजकूर परत आणायला लावला आणि त्याला एक संतप्त टिपण जोडलं.

येथे बंदी आणि कात्री यांतला फरक ध्यानात घ्यायला हवा. येवगेनी झाम्यातिन यांची ‘आम्ही’ ही कादंबरी रशियात छापू दिली गेली नाही. तिचं इंग्रजी भाषांतर १९२४ मध्ये न्यूयॉर्कला निघालं. सोव्हिएत रशियातल्या वाचकांना ती १९८८ पर्यंत थांबावं लागली. अन्याय मोठा होता, पण उघड होता. बंदी घातलेलं पुस्तक आपल्याला मिळत नाही हे वाचकाला ठाऊक असतं आणि तो ते शोधतो. कातरलेलं पुस्तक मात्र त्याच्या हातात असतं, त्यामुळे शोधण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

जॉर्ज ऑर्वेल यांनी ही गोष्ट आधीच ओळखली होती. बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेले ऑर्वेल १९४१ ते १९४३ या काळात बीबीसीच्या लंडन केंद्रावरून भारतासाठी कार्यक्रम करत. युद्धकाळ असल्याने प्रत्येक भाषण आधी लिहून तपासून घ्यावं लागे. म्हणजे सरकारी सेन्सॉर त्यांनी जवळून पाहिला होता. तरी ‘अॅनिमल फार्म’साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी बोट ठेवलं ते दुसरीकडेच. ज्या स्टालिनवर ही कथा बेतली होती तो तेव्हा ब्रिटनचा मित्र होता, म्हणून एकापाठोपाठ एक प्रकाशकांनी ती नाकारली होती. कायद्याने कोणीही अडवलं नव्हतं. इंग्लंडमधली मुस्कटदाबी बहुतांशी स्वेच्छेने चालते, नको असलेलं मत बंदीशिवायच गप्प करता येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. १९४५ मध्ये पुस्तक निघालं, पण ही प्रस्तावना त्यात नव्हती. ती छापली गेली १९७२ मध्ये, ऑर्वेल यांच्या मृत्यूनंतर २२ वर्षांनी.

ब्रॅडबरींचं एक म्हणणं मात्र तसंच्या तसं स्वीकारता येत नाही. बीटीप्रमाणेच १९७९ च्या टिपणातही ते तक्रार करणाऱ्या सगळ्या लहानमोठ्या गटांना एका रांगेत उभं करतात. पण ज्यांचा ग्रंथांनी अपमान केला आहे त्यांनी तो बोलून दाखवणं आणि प्रकाशकाने गुपचूप पानं कातरणं या गोष्टी एक नव्हेत. मराठी वाचकाला इथे महाड आठवल्याशिवाय राहणार नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील परिषदेत मनुस्मृतीचं दहन झालं. गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी ठराव मांडला होता. जाळणाऱ्यांच्या हाती तो ग्रंथ कोणाच्या घरातून हिसकावण्याची सत्ता नव्हती, तसा हेतूही नव्हता. जे केलं ते भरसभेत, कारणं देऊन केलं. मनुस्मृती त्यानंतरही छापली जात राहिली आणि खुद्द बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथांत तिचे श्लोक उद्धृत करून त्यांची चिकित्सा केली. म्हणजे ज्वाळा दिसल्या म्हणून सेन्सॉरशिप झाली असं होत नाही, आणि ज्वाळा दिसल्या नाहीत म्हणून ती झाली नाही असंही नाही. विचारायचे प्रश्न दोनच: मजकूर वाचकापासून काढून घेतला का? आणि काढून घेतला हे त्याला सांगितलं का?

‘फॅरनहाइट ४५१’च्या शेवटी माँटॅग शहराबाहेर ज्या लोकांना भेटतो त्यांच्याजवळ पुस्तकं नाहीत. त्यांनी ती पाठ केली आहेत, एकेकाने एकेक ग्रंथ किंवा त्याचा भाग. आणि ते सांगतात की पुस्तकं आम्हीही जाळतो; वाचून पाठ झालं की जाळतो, कारण जवळ सापडलं तर पकडले जाऊ. कागद गेला, पण शब्द राहिला. १९६७ च्या आवृत्तीत कागद शाबूत होता. गेले होते ते शब्द. ते परत आले याचं कारण एवढंच की काही विद्यार्थ्यांनी वाचलेलं लक्षात ठेवलं होतं आणि खटकलं तेव्हा लेखकाला पत्र लिहिण्याचे कष्ट घेतले होते.